चौदा नंबरचं कुलूप

४ मार्च, मंगळवार
दोन बोटं गेली! धाकट्या भावाची, उजव्या हाताची. काल ब्रेडच्या कारखान्यात कणीक मळायचं यंत्र तो आतून पुसत होता आणि लंबूनं — त्याच्या जोडीदारानं — बटण दाबलं. मला ऑफिसात फोन आला. सायकल तिथेच टाकून टॅक्सीनं दवाखाना गाठला.

५ मार्च
मुकादम आला. "त्यानं कुलूप लावलं असतं तर हे घडलंच नसतं, ताई." तिथली रीतच आहे — यंत्र पुसणाऱ्यानं आपल्या नंबरचं कुलूप स्विचला लावायचं, किल्ली खिशात ठेवायची, म्हणजे कुणाला यंत्र सुरू करता येत नाही. पण लंबूनं बटण दाबलं नसतं तर? तेही घडलं नसतंच की! ते बरं सुचलं नाही त्याला. यंत्रच नसतं तर? असे शंभर जर-तर निघतील. जो तो आपल्या सोयीचा उचलतो.

धाकटा सहा वर्षांत एकदाही कुलूप विसरला नाही. दुसऱ्या कुणी वापरू नये म्हणून रोज घरी आणतो. मग परवाच कसं विसरेल? कुणीतरी काढलंय.

६ मार्च
लंबू येऊन गेला. नजर मिळवत नव्हता. "मी नसतं दाबलं, तरी दुसऱ्या कुणीतरी दाबलंच असतं." ऐकून अंगाचा तिळपापड झाला. ज्याच्या मनात काळंबेरं, तोच असलं "तरी" शोधतो!

धाकट्याला खोदून खोदून विचारलं. "आठवत नाही," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड केलं. लंबूला घाबरतोय की काय?

७ मार्च
धाकट्याचं चौदा नंबरचं कुलूप कारखान्यात कुठेच नाही म्हणे. सापडेल कसं? तक्रार लिहून ठेवली — लंबूनंच काढून लपवलं. उद्या चौकशीत देणार. नोकरी जाईल त्याची. जाऊ दे!

८ मार्च, शनिवार
चौकशीला जायला सायकल हवी, म्हणून ऑफिसात गेले. साखळीला लाल कुलूप. उलटं करून पाहिलं — १४.

सोमवारी उशीर झाला होता. माझं सापडेना, म्हणून दाराजवळच्या खिळ्यावरचं ओढून नेलं. किल्लीसकट. मीच! लंबूचं वाटोळं करायला निघाले होते मी.

चौकशीत तक्रार दिली नाही. टेबलावर कुलूप ठेवलं आणि सगळं सांगितलं.

९ मार्च
धाकट्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणतो, "तू नेलं नसतंस, तरी त्या दिवशी मी लावलं नसतं, ताई."

खोटारडा! सहा वर्षांत एकदाही विसरला नाही.