घर गार का पडत होतं

रीडिंग, फेब्रुवारी

प्रिय आई,

हे पत्र तुमच्या शेजारच्या सुचेतामावशींनी तुमच्या हातात दिलं असेल. तुमच्या पत्त्यावर मुद्दामच पाठवलं नाही, कारण हल्ली दारातली पोस्ट मिहीर उचलतो. मेसेज केला नाही, कारण तुमचा फोनही त्यानेच सेट करून दिलाय. सुनेने मुलाची कागाळी सासूकडे करावी, तसंच हे वाटेल तुम्हाला. पण लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात तुम्ही म्हणाला होतात, "सासूबाई वगैरे नको, आईच म्हण." मी तेव्हापासून तसंच म्हणत आले आणि मानतही आले. म्हणून हे सगळं तुम्हाला माझ्याकडून कळावं असं वाटतंय.

मिहीर ऑक्टोबरमध्ये बॅग घेऊन वॉटफर्डला तुमच्याकडे आला, तेव्हा माझ्या हॉस्पिटल फार्मसीतल्या पूर्णवेळ नोकरीवरून आमचं वाजलं, असं त्याने तुम्हाला सांगितलं. मीही त्यावर काही बोलले नाही. खरं म्हणजे त्याला जा असं मीच म्हटलं. माझे मेसेज, मैत्रिणींशी झालेलं बोलणं, मी कुठे किती वेळ थांबले, हे सगळं तो कित्येक महिने त्याच्या लॅपटॉपवर वाचत होता. तुम्हाला सांगायची लाज वाटली. लाज मला का वाटावी, हे अजून कळलेलं नाही.

तो गेल्यानंतर थोड्याच दिवसांत रेडिएटरचं सुरू झालं. संध्याकाळी अन्वीला नर्सरीतून घेऊन यायचं, हीटिंग लावायचं. पाइपांची टकटक सुरू व्हायची, रेडिएटर हात लाववणार नाही इतके तापायचे, आणि अन्वीची आंघोळ उरकून तिला टॉवेलमध्ये गुंडाळून बाहेर आणेपर्यंत परत गार. व्हिक्टोरियन काळातलं घर, उंच छत, खिडक्यांना फटी. मी सगळा दोष घराला दिला. शेजारच्या बाईंकडून रेडिएटर उघडायची ती छोटी चावी आणली आणि एकेका रेडिएटरमधली हवा काढली. फुस्स करून हवा जायची आणि मागून शाईसारखं काळं पाणी फडक्यावर यायचं. बॉयलरच्या प्रेशरचा काटा सकाळ-संध्याकाळ बघायची सवयच लागली. खिडक्यांच्या फटींत फोमच्या पट्ट्या भरल्या. शेवटी गॅरेथ नावाच्या हीटिंग इंजिनियरला बोलावलं. त्याने एका शुक्रवारी पाइपांतला सगळा गाळ धुऊन काढला आणि बॉयलर ठणठणीत आहे म्हणाला. शनिवार-रविवार घर छान उबदार राहिलं. मी एकटीच होते, अन्वी तुमच्याकडे आली होती. सोमवारी ती घरी आली आणि त्याच संध्याकाळी रेडिएटर पुन्हा गार पडले. तेव्हा या दोन गोष्टींची सांगड घालायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

अन्वीचा खोकला आधी साधाच होता. मग एका दुपारी नर्सरीतून फोन आला की तिला श्वास घ्यायला त्रास होतोय. आम्ही वॉर्डमध्ये होतो ते दिवस तुम्हाला माहीत आहेत, तुम्ही रोज मुगाची खिचडी पाठवत होतात. पण तिथे घडलेली एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. डॉक्टरांनी सहज विचारलं, घर पुरेसं उबदार असतं ना? मी तोंड उघडायच्या आत मिहीर म्हणाला, "नाही. घर गारठलेलं असतं, मी हिला किती वेळा सांगितलंय." आई, तो गेल्यापासून घरात आला नव्हता. मी त्याच्यापाशी रेडिएटरबद्दल एक अक्षर काढलं नव्हतं. अन्वी बोलली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. डॉक्टरांनी काहीतरी लिहून घेतलं आणि माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला रोज आठवते.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आलात. मी सकाळपासून हीटिंग लावून ठेवलं होतं. तुम्ही आत येताच म्हणालात, छान ऊब आहे गं. मिहीर आत यायला तयार नव्हता, समोर गाडीतच बसून राहिला. मी वरणाला फोडणी दिली, अन्वीने तुम्हाला तिची चित्रं दाखवली, आणि आपण जेवायला बसेपर्यंत तुम्ही परत कोट चढवला होता. मी तीनदा उठून पॅसेजमध्ये जाऊन हीटिंग वाढवून आले. तुम्ही हळूच म्हणालात, "शाल्मली, हट्ट कशासाठी? थोडे दिवस राहू दे लेकराला आमच्याकडे." मी तुम्हाला वाकडं उत्तर दिलं. तुमचा चेहरा उतरलेला मला दिसला, पण तेव्हा माफी मागण्याइतकं माझं मन ठिकाणावर नव्हतं. आज मागते.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी गॅरेथ पुन्हा आला. आता तपासायचं काही उरलेलंच नाही, म्हणाला, मी नुसता उभा राहून बघतो. पॅसेजच्या भिंतीवरचा हीटिंगचा तो गोल काचेचा थर्मोस्टॅट तुम्हाला आठवत असेल, अन्वीच्या जन्माच्या वर्षी मिहीरने हौसेने बसवलेला. त्यावर मी वीस अंश लावलं; एरवी आकडा खाली आलेला दिसला की तो घर गार पडल्याचाच आकडा आहे, असं मी समजायचे. आम्ही दोघं त्याच्यासमोर उभे होतो, अन्वी जिन्यात बसून केळं खात होती. रेडिएटर तापले. आणि जरा वेळाने, कुणीही हात न लावता, काचेवरचा वीसचा आकडा खाली येत येत दहावर थांबला. बॉयलर बंद झाल्याचा आवाज आला. गॅरेथने विचारलं, "याचं अ‍ॅप कुणाकडे आहे?" मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याकडे. तो इथे राहत नाही." मी अन्वीच्या शेजारी पायरीवर बसले. त्याने विचारलं, "हा काढून टाकू का?" मी हो म्हटलं. त्याने तो उतरवला आणि गाडीतून साधी, हाताने फिरवायची डायल आणून बसवली.

गॅरेथ गेला, मी कुकर लावला. घर तापलं आणि तसंच राहिलं. अन्वीने मोजे काढून फेकले आणि ती अनवाणी इकडून तिकडे धावत सुटली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत मिहीरचा फोन. नमस्कार नाही, अन्वी कशी आहे नाही. "थर्मोस्टॅट भिंतीवरून का काढलास?" मी विचारलं, "तुला कसं कळलं?" आई, पलीकडे तुमचा टीव्ही चालू होता, मला बातम्यांचा आवाज ओळखू आला. तो म्हणाला, "ते घर माझंही आहे." आणि फोन ठेवला. म्हणजे हे सगळे महिने तो तुमच्या सोफ्यावर बसून, बहुधा तुमच्या हातचा चहा पीत, स्वतःच्या मुलीची खोली गार करत होता. तुम्ही शेजारी बसला असाल आणि तुम्हाला वाटलं असेल, ऑफिसचं काम करतोय.

मी माझ्या वकीलबाईंना सगळं सांगितलं आहे. गॅरेथने जे पाहिलं ते लिहून द्यायचं कबूल केलंय. आणि वकीलबाईंकडूनच मला हेही कळलंय की अन्वी मिहीरकडे राहावी म्हणून कोर्टात जो अर्ज जाणार आहे, त्यासाठी येत्या मंगळवारी तुम्ही तुमचं स्टेटमेंट देणार आहात, त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे काय अनुभवलंत त्याचं. पत्र लिहायला बसले ती यासाठी. तुम्ही जे सांगाल त्यात खोटं काही नसेल. घर गारच होतं, तुम्ही कोट घालूनच जेवलात. मुलाच्या विरुद्ध बोला असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. मलाही एक मूल आहे. एवढंच करा, सही करण्याआधी त्याला समोर बसवून विचारा, "मी आत जेवत होते तेव्हा तू बाहेर गाडीत फोनवर काय करत होतास?" तो काय म्हणाला ते मला कळवायची गरज नाही. त्याचा चेहरा तुम्ही जन्मापासून वाचत आला आहात. तो वाचून झाल्यावर मग तुम्हाला जे लिहावंसं वाटेल ते लिहा.

तुमचीच,
शाल्मली