आठ खेपा आणि एक अध्यक्ष

३ फेब्रुवारी, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. थोर कामाची नोंद असावी, एवढंच.

काल नगरपालिकेच्या हॉलमध्ये सभा झाली. गावाबाहेरची कचरा टाकायची जागा भरली. नवी जागा तळ्याकाठी ठरते आहे. तेच तळं, ज्याचं पाणी आपण पितो. नगराध्यक्षाबाई म्हणाल्या, गावातून रोज कचरागाडीच्या आठ खेपा जातात. नव्वद दिवसांत त्या चारवर आणल्या तर जुन्या जागेवरच भागेल, तळ्याला हात लावावा लागणार नाही. पुढाकार कोण घेणार?

सगळे आपापल्या चपला बघू लागले. मी उभा राहिलो. (पंखा जरा कमी करावा म्हणून उठलो होतो. पण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्यावर खाली कसं बसणार?)

५ फेब्रुवारी
समिती स्थापन. सध्या सदस्य एक. दिवसभर दुकानात बसून शिक्के तयार केले : 'अध्यक्ष', 'सचिव', 'पाहिले व मान्य', 'तातडीचे'. स्वतःचं रबरी शिक्क्यांचं दुकान असण्याचा हा फायदा. दुसऱ्या कोणाला दोन दिवस थांबावं लागलं असतं. शिवाय तीन महिन्यांत एकही गिऱ्हाईक नसल्याने वेळेची अडचण नाही.

ही म्हणाली, शिक्के राहू द्या, आधी आपल्या घरातला ओला कचरा वेगळा काढू या. तिला समजावलं की नेतृत्व वरून खाली येत असतं. ती म्हणाली, मग खाली पोचलं की सांगा.

१० फेब्रुवारी, संध्याकाळ
पहिली सभा. उपस्थिती चार. त्यातली एक ही, चहा द्यायला आली आणि बसून राहिली. बाकी शिंपीदादा, भंगारवाला आणि एक गृहस्थ, जे विम्याची मीटिंग समजून आले होते. ते अकराव्या मिनिटाला गेले.

मी चौसष्ट स्लाइड केल्या होत्या. विषय : पृथ्वीची उत्पत्ती ते आपला वॉर्ड. शिंपीदादांनी मध्येच विचारलं की घरोघरचा ओला कचरा नेमका न्यायचा कुठे. सांगितलं, ते स्लाइड क्रमांक बावन्नवर येईल. एकोणिसाव्या स्लाइडला वीज गेली. डायनोसॉर नुकतेच नष्ट झाले होते.

लोकांना संयम नाही.

१६ फेब्रुवारी
प्रत्यक्ष कृती! दुकानामागे खड्डा खणून घेतला. आदर्श खतप्रकल्प, क्रमांक एक. खानावळीचा आणि भाजीबाजाराचा सगळा ओला कचरा इथे. पुस्तकात ओल्या-सुक्याचं काही प्रमाण दिलंय, पण पुस्तकं लिहिणारे फार बाऊ करतात. मी अंदाजाने घातलं. वर प्लास्टिकचा कागद घट्ट बसवला, म्हणजे उष्णता बाहेर जाणार नाही.

पंधरा दिवसांत काळंभोर खत. एका महिन्यात गाव दत्तक घ्यायला परदेशी पाहुणे.

२२ फेब्रुवारी
थोडा वास.

२३ फेब्रुवारी
वाऱ्याची दिशा चुकते आहे. शेजारचे दातांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, पेशंट खुर्चीत बसतात पण तोंड उघडायला तयार नाहीत. मी म्हटलं, प्रगतीला थोडा वास असतोच. ते म्हणाले, याला थोडा म्हणत नाहीत.

डॉक्टर मंडळी मुळात निगेटिव्ह.

२७ फेब्रुवारी, दुपार
कचरागाडी चालवणाऱ्या मावशी आज खड्ड्याशी थांबल्या. काठीने प्लास्टिक उचललं, आत खुपसून पाहिलं. म्हणाल्या, शिक्केवाले दादा, हे खत नाही, हे सडतंय. नुसतं ओलं भरलंय. वाळका पाला कुठाय? हवा कुठून जाणार? बावीस वर्षं गावाचा कचरा उचलते आहे, मला कोणी विचारलंच नाही कधी.

मी म्हटलं, सूचना लेखी द्या, समिती विचार करेल. त्या हसल्या. हिने त्यांना आत नेऊन चहा दिला. दोघी तासभर बोलत होत्या. बायकांचं काय असणार, घरगुती.

खेपा : आठ.

५ मार्च
जनजागृती रॅली. जीप भाड्याची, वर भोंगा. गावाला तीन प्रदक्षिणा. घोषणा माझीच : 'कचरा कमी करा, नाहीतर मरा.' हिला जरा कडक वाटली. परिणामकारक गोष्ट कडकच असते.

जीप इतका धूर सोडत होती की तिसऱ्या फेरीत मागची मुलं पुढे काय चाललंय ते ओरडून विचारू लागली. बँकेच्या चढावर बंद पडली. ढकलायला गाव एकत्र आलं. लोकसहभाग म्हणतात तो हाच.

१२ मार्च
खेपा सात! रॅलीचा परिणाम. 'पाहिले व मान्य' शिक्का इथेच मारतो आहे.

घरी मात्र गैरसोय. ही रोज दुपारी बाहेर. विचारलं तर म्हणते, बंद पडलेल्या धान्याच्या गोदामात असते. शिंपीदादाही तिथेच असतात म्हणे. म्हणजे शिवणक्लास. एवढं मोठं आंदोलन डोक्यावर असताना माणसं शिवण कशी शिकू शकतात? आज पुन्हा गार जेवलो.

१९ मार्च
खेपा सहा. माझ्या पत्रकांचा परिणाम असावा. अजून वाटलेली नाहीत, पण छापून आली आहेत हे गावात कळलंय.

शिवणक्लास बघायला गोदामात गेलो. शिवणक्लास नव्हता.

आत सात ढीग. प्रत्येकावर पाटी, पाटीवर तारीख. पंधरा-वीस बायका, चार-पाच पुरुष. प्रत्येक आळीतून कोणीतरी ओल्याच्या बादल्या घेऊन येत होतं. दारात मावशी, बादलीत हात घालून तपासत. हेडमास्तरांची बादली त्यांनी परत पाठवली, त्यात पेनाची टोपणं होती. हेडमास्तर मुकाट्याने परत गेले! भंगारवाला सुक्याचे ढीग लावत होता. शिंपीदादा जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून दुकानदारांना देत होते. आणि ही, पदर खोचून, वहीत आळीवार नोंदी करत होती.

वास? पावसाळी मातीचा.

मी सगळ्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, माझी योजना छान राबवताय. मावशींनी विचारलं, कुठली योजना? मी म्हटलं, स्लाइड बावन्न. सगळे हिच्याकडे बघू लागले. ही वहीत बघू लागली.

घरी येताना विचारलं, मला का नाही सांगितलं? म्हणाली, तीनदा सांगितलं. तुम्ही दर वेळी म्हणालात, अजेंड्यावर घेऊ.

२८ मार्च
आरोग्य निरीक्षकांची नोटीस. दुकानामागचा खड्डा 'सार्वजनिक उपद्रव'. चार दिवसांत हलवा. खाली नगरपालिकेचा शिक्का. माझ्याच दुकानातला. ठसा अतिशय स्पष्ट, कडा कुठेही फाटलेल्या नाहीत. एवढं समाधान.

दातांच्या डॉक्टरांकडे बघणं सोडलंय.

३० मार्च, सकाळी ६.३०
रात्रभर हिशेब केला नाही, झोपलो. पण सकाळी हिने केला. खड्ड्यातला माल गाडीने टाकायला नेला तर तीन खेपा. काल गावाच्या पाच झाल्या होत्या. पाच आणि तीन, आठ. नगराध्यक्षाबाई आजपासून रोजचा आकडा फळ्यावर लिहिणार आहेत आणि तळ्याकाठच्या नव्या जागेचा ठेका ज्याला मिळणार, त्या ठेकेदाराचा माणूस रोज पालिकेत चकरा मारतो आहे. त्याला आठ हाच आकडा हवाय.

ही रागावली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, त्या गोदामात येणाऱ्या बायकांना आता मी काय सांगू?

'तातडीचे' शिक्का हातात होता, तो खणात ठेवला. 

सकाळी ९
मावशी स्वतःच आल्या. म्हणाल्या, खेपा करायच्या नाहीत. गोदामात आणा, वाळका पाला घालून वाचवता येईल. पण गाडी मिळणार नाही, ती गावाच्या कामाला आहे. बादल्यांनी आणा.

मी विचारलं, कोण आणणार? त्यांनी इकडेतिकडे बघितलं. दुसरं कोणी नव्हतं.

१ एप्रिल
तीन दिवस. दोनशे चौदा बादल्या. मोजल्या, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. दुकान ते गोदाम, भर बाजारातून. लोक बाजूला होत होते, आदराने नाही. पहिल्या दिवशी नाकाला रुमाल बांधला. दुसऱ्या दिवशी तोही वास मारू लागला. तिसऱ्या दिवशी दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून एक बादली घेऊन मागे आले.  

मावशींनी शिकवलं : एक थर ओला, दोन थर पाला, मूठभर जुनं खत, आणि दर चार दिवसांनी उलथायचं. माझा ढीग, क्रमांक आठ.

कंबर गेली.

५ एप्रिल
ढीग उलथला. आतून वाफ आली. हात घातला तर गरम, जिवंत असल्यासारखा. मावशी म्हणाल्या, लागला बरं का मार्गाला. अर्धा तास तिथेच बसलो. त्या अर्ध्या तासात एकही भाषण सुचलं नाही. तब्येत दाखवून घ्यायला हवी.

२० एप्रिल
खेपा चार! गेले सहा दिवस चार, मध्ये एकदा तीन. ठेकेदाराचा माणूस येईनासा झाला. गाव माझ्याकडे कृतज्ञतेने बघतं आहे. किंवा माझ्या चपलांकडे. त्या आता बाहेरच ठेवायला सांगतात.

समारोपाचं भाषण लिहायला घेतलं. बारा पानं झाली. नम्रतेचा परिच्छेद सर्वांत लांब.

३ मे, संध्याकाळ
हॉल खच्चून भरला होता. नगराध्यक्षाबाईंनी आकडा वाचला : शेवटच्या पंधरवड्याची सरासरी चार खेपांच्या आत. तळ्याकाठची जागा रद्द. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. शिंपीदादांनी डोळे पुसले. मग बाई म्हणाल्या, ज्यांच्यामुळे हे झालं त्यांना मी मंचावर बोलावते.

मी कोटाचं बटण लावून पायऱ्यांवर पोचलोही होतो. बाईंनी नाव पुकारलं मावशींचं. मग हिचं.

परत फिरणं बरं दिसलं नसतं. तेव्हा पायरीवर उभा राहून दोघींना चढायला हात दिला. मावशींनी माइकवर एवढंच सांगितलं, की उद्या ओला डबा सातच्या आत आणा, उशिरा आलेला घेणार नाही. हॉल पुन्हा टाळ्यांनी दणाणला. एका वाक्याला! माझी बारा पानं खिशात.

रात्री हिला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली असतीस तर? ती म्हणाली, बोलणार होते, की तुम्ही दोनशे चौदा बादल्या आणल्यात. पण तुम्हाला ते आवडेल की नाही ठरवता येईना.

मलाही ठरवता येत नाहीये.

४ मे
पेपरात फोटो आला. ठळक. ही आणि मावशी मधोमध, हसताना. डाव्या कडेला माझा हात आहे. कोपरापर्यंत.

६ मे, सकाळी ७
गोदामात गेलो. मावशींना म्हटलं, आता काम कायमचं झालंय, तर माझं पद एकदा निश्चित व्हावं. सल्लागार, मार्गदर्शक, काहीही चालेल.

मावशी बादलीतून एक चमचा शोधून काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, फावडं कोपऱ्यात आहे.

होतं.