क्लेमंट सरांचं भाषण

वुडलँड्स, सिंगापूर
९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना अश्लेषाचा सा. न.

फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

आमचे क्लेमंट सर एप्रिलमध्ये बार्बाडोसला, त्यांच्या गावी निघालेत. बेचाळीस वर्षांनी! तिथल्या क्लबने नव्या पॅव्हेलियनच्या उद्घाटनाला बोलावलंय. इथे मुलींचं क्रिकेट शून्यातून उभं करणारे आमच्या संघटनेचे हे सचिव सध्या ऑफिसात शीळ घालत फिरतात.

काल त्यांनी भाषण तपासायला दिलं आणि आपणहून सगळं सांगितलं. ते वेस्ट इंडीजचे गोलंदाज होते. १९८३ साली, वर्णद्वेषामुळे दक्षिण आफ्रिकेवर असलेली क्रिकेटबंदी झुगारून, पैशासाठी ते तिथे खेळायला गेले. तिथे त्यांच्यासारख्या काळ्या माणसाला गोऱ्यांच्या बाकावरसुद्धा बसू देत नसत. मायदेशी त्यांच्यावर आजन्म बंदी आली. आईने दार लावून घेतलं, ते मरेपर्यंत उघडलं नाही. बहीण व्हेरोनिका अजून बोलत नाही. भाषणात यातलं अक्षरही नाही. घालावं का, असं ते विचारतात. तुम्ही इतकी वर्षं पंच होतात, तुम्हीच सांगा.

गोळ्या वेळेवर घ्या, नाहीतर निशिगंधाआत्याला कळवेन.

तुमच्या मायेतली,
अश्लेषा

पुणे
२६ फेब्रुवारी २०२५

चि. अश्लेषास अ. उ. आ.

आत्याला मध्ये आणू नकोस. गोळ्या घेतो.

तुझ्या पत्रात क्लेमंटचं नाव आलं की मी विषय टाळायचो. त्याची गोलंदाजी पाहायला मी कॉलेजची परीक्षा बुडवली होती. तो तिकडे खेळायला गेल्याचं पेपरात वाचलं, त्या दिवशी जेवलो नाही. इतका सुंदर चेंडू टाकणारा माणूस असं वागतो, हे मला अजून पचलेलं नाही.

त्याला म्हणावं, सगळं लिही. मी तरुण होतो, घरी अडचण होती, असली कारणं नकोत. आणि आधी बहिणीला लिही. पॅव्हेलियन नंतर.

आमचा जीव तुझ्यात असतो, हे विसरू नकोस.

बाबा

वुडलँड्स
८ एप्रिल २०२५

ती. बाबांना सा. न.

तुमचं म्हणणं मी शब्दशः सांगितलं. सर म्हणाले, बरोबर आहे. त्याच दिवशी त्यांनी बहिणीला हाताने चार पानं लिहिली आणि नवं भाषण क्लबला पाठवलं.

कमिटीतल्या तरुण मंडळींना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. भाषण वाचून गावात गदारोळ झाला आणि निमंत्रण मागे घेतलं गेलं.

बहिणीचं उत्तर काल आलं. आई शेवटचे आठ महिने अंथरुणाला खिळून होती आणि रोज टपाल आलं का विचारायची. तिला त्यांच्याकडून ‘माझं चुकलं’ एवढंच ऐकायचं होतं. बहिणीने ती चार पानं आईच्या थडग्यापाशी वाचून दाखवली. शेवटी लिहिलंय, तू येऊ नकोस.

सरांनी मला तिकीट रद्द करायला सांगितलं आणि मला घेऊन जुरोंग ईस्टला मुलींच्या सरावाला गेले. जाई नावाच्या मुलीला चेंडूची पकड दाखवता दाखवता त्यांचा हात थांबला. ते गवतावर बसले आणि रडायला लागले. मुली माझ्याकडे बघत राहिल्या.

परतताना मेट्रोत ते एवढंच म्हणाले, की कारणं देऊ नकोस असं त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग विचारलं, तुझे वडील मला भेटतील का?

बाबा, त्यांना आता जायला दुसरं घर नाही. हो म्हणू का?

तुमचीच,
अश्लेषा