खुनी कोण ते मी सांगून बसले

तीर्थरूप बाबांना, तुमच्या धाकटीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, जेवणही वेळेवर होतं. तुम्ही पाठवलेली पुस्तकं वाचून झाली. प्रेमकथा फारच गुळचट वाटली. गिर्यारोहकाचं प्रवासवर्णन वाचताना मात्र पांघरुणातही थंडी वाजली. रहस्यकथा एका बैठकीत संपवली, आणि तिच्यापायीच माती खाल्ली.

आमच्या कपड्यांच्या कारखान्यात एक इस्त्रीवाले काका आहेत. त्यांना कमी दिसतं. नेमकी तीच रहस्यकथा ते जेवणाच्या सुट्टीत भिंग धरून रोज पानभर वाचत होते. शहाणपणा मिरवायला मी सगळ्यांसमोर म्हटलं, "त्यात काय, खून डॉक्टरच करतो."

काकांनी पुस्तक मिटलं. "बरं झालं, डोळ्यांचे कष्ट वाचले," एवढंच म्हणाले. बाबा, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी माफी मागितली. उरलेलं वाचून दाखवू का, असंही विचारलं. "नको गं, आता त्यात राम नाही," म्हणाले. मग कितीतरी दिवस त्यांच्या टेबलासमोरून जाताना माझी मान वर होत नव्हती.

तुमच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं काय ठरलं? आई फोनवर विषय बदलते.

काल भुताच्या गोष्टींचं पुस्तक घेऊन काकांशेजारी बसले. "हे तू वाचलंयस?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

भिंग खिशात ठेवत ते म्हणाले, "मग वाच. पुढचं पान चोरून बघायचं नाही."

जिभेला हाड नसलेली,
तुमची धाकटी