एकवीस ताटं

३ नोव्हेंबर, तिरुपूर
मिरजगावहून आईचा फोन. घर रिकामं करतीय. म्हणाली, माझ्यामागं तुझ्या बहिणीला, रुपालीला, पसारा उपसाय नको. आई सरळ बोलत न्हाई. ज्योतीच्या कपाटाला जागा करतीय. ज्योतीच्या बापानं दोन वर्षांमागं सोयरीक मोडली, पण ज्योती स्वतः काय बोलली न्हाई. म्हणजे होकारच.
आजपासून गुटखा बंद.

६ नोव्हेंबर
परत आईचा फोन. हंडा आत्याला, पाटा-वरवंटा शेजारच्या मुबारकबीला दिला म्हणाली. मी म्हणालो, पाटा ठेव, ज्योतीला चटणी लागंल. आई म्हणाली, जेवलास का.
गुटखा एकच. टेन्शनमुळं.

१० नोव्हेंबर
राहिली एकवीस ताटं. आईनं हौसेनं लग्नाआधीच नाव घालून आणलेली, 'भीमा-ज्योती'. कुणी घेईना. आत्या म्हणाली, मोडलेल्या लग्नाचं ताट माझ्या पोरीपुढं नको. मुबारकबी आईला म्हणाली, घेते गं छबू, पण वाढताना रडू येईल. ताटं आमच्यासाठीच थांबलीत. मी गेलंच पायजे.
बनियन कारखान्यात रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, जा, येऊ नको. मी चार दिवसांची रजा धरतो.

१४ नोव्हेंबर, मिरजगाव
घरात खाट, शेगडी, देव. बोललं की घुमतंय. आईला म्हणालो, उद्या ज्योतीच्या बापाला भेटतो. आई म्हणाली, तिचं पोरगं दहा महिन्याचं हाय. बारशाला झबलं घेऊन गेल्ते. मला का न्हाई सांगितलं? म्हणाली, तू विचारतोस कुठं, नुसतं सांगतोस.
गुटखा मोजला न्हाई.

१५ नोव्हेंबर
ताटं घेऊन कर्जतला भांडीवाल्याकडं. म्हणालो, निदान ज्योतीचं नाव तरी खोडा. म्हणाला, इतकं खोल कोरलंय, घासलं तर भोक पडंल.
आईनं ताटं पोत्यात घालून तोंड शिवलं. म्हणाली, तुझं नाव हाय, तू ने. रुपाली हे बघत बसंल, टाकवणार न्हाई तिला. मी म्हणालो, पाडव्याला कायमचा येतो. म्हणाली, मी असले तरी ये, नसले तरी ये. पोतं आणू नको.

१८ नोव्हेंबर, तिरुपूर
सुपरवायझरनं घेतलं, हेल्पर म्हणून. खोलीत आमी सहा, ताटं एकवीस. बिहारचा सुनील भात वाढून घेताना नाव वाचायला लागला. ही कुठली कंपनी, म्हणाला, लई मजबूत माल हाय.
आमच्याकडची, म्हणालो. बंद पडली.