अंघोळीची एक बादली

वैशाख वद्य षष्ठी, बुधवार. अंबाजोगाई

अंघोळीची बादली तशीच ठेवून लिहायला बसलोय. पाण्याच्या टंचाईची बातमी घ्यायला कॅन्सर वॉर्डात गेलो होतो. सिंधू सिस्टर तिथं बारा वर्षं आहे. म्हणाली, "दादा, सकाळी आठ नंबरची आजी गेली. मला रडू आलं न्हाई. पहिलं मनात काय आलं? अंघोळीची एक बादली वाचली."

यावर आमची विद्वत्ता काय बोलली? "सिस्टर, तुमी तर स्थितप्रज्ञ झालात की!"

"म्हंजी?"

"सुखदुःखाच्या पलीकडं गेलेलं माणूस."

ती हसली नाही. रिकाम्या बादलीकडं बघत म्हणाली, "मग यातनं बरं व्हायला काय घ्यावं लागतं?"

मी टँकर किती वाजता येतो, ते विचारलं. तिनं तेही नीट सांगितलं. मी लिहून घेतलं.