पाच चुलींचं गाव

४ जानेवारी

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला आहे, पाठ धरली तर खर्च तुझा.

इकडे सगळं ठीक, म्हणजे यांच्या छातीत पुन्हा पाणी झालंय तेवढं सोडून. दर पंधरवड्याला होडीने तुमच्या काठावरच्या दवाखान्यात नेते, डॉक्टर सुईने पाणी काढतात, की हे परत रंधा धरायला मोकळे. परवा होडीवाल्याला म्हणाले, की बाहेर नदी, आत नदी, मधे मी एकटा सुतार कोरडा. तो बिचारा हसून हसून वल्हवायचंच विसरला.

वरच्या घरची म्हातारी विणकरीण गेली. मागावर अर्धं कांबळं तसंच आहे. तिच्या मांजरावरून धनगराचं आणि थोरल्या कुंभाराचं जुंपलं आहे. धाकटा कुंभार नेहमीप्रमाणे भावाच्या विरुद्ध. दोघांच्या चुली वेगळ्या, मडकी एका भट्टीत भाजतात, पण बोलत नाहीत.

कचेरीने तुला लिहायला दिलेलं जिल्ह्याचं पुस्तक कुठवर आलं? आमच्या गावाला दोन ओळी तरी दे. वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी भिंगरी

१६ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि जमल्यास थोडी अक्कल.

चार पानांत कामाची ओळ एक. मांजर कोणाचं, हे जिल्ह्याच्या इतिहासात येत नाही. लहानपणापासून तुझ्या तोंडाला झाकण नाही. यापुढे विचारलं तेवढंच लिही. शेजाऱ्यापाजाऱ्यांचा पाल्हाळ आला तर पत्र न फोडता वहिनीच्या चुलीत घालीन.

भूगोल लिहून झाला. इतिहासासाठी तुमचं गाव कोणी वसवलं ते कळव. राहिला लोकवस्तीचा भाग, आणि खरी मेख तिथे आहे. कचेरीने ठरवलंय, की पाच चुली असतील तर गाव, कमी असतील तर ओसाड, आणि ओसाड जागेला सरकारी होडी नाही. मी नदीपलीकडची गावं कशी मोजतो ते तुला ठाऊक आहे. होडीत बसलं की माझ्या पोटात ढवळतं, म्हणून सकाळी काठावर खुर्ची टाकतो आणि धूर मोजतो. इतकी वर्षं मुलांना भूगोल शिकवला, नजर उगीच नाही कमावली.

सुतारबुवांना सांग, तुला तिकडे देताना घरात मी एकटाच नको म्हणत होतो. आता छाती भरल्यावर पटलं असेल.

माया आहे म्हणून बोलतो, परक्याला कोण सांगतं.
दादा

५ फेब्रुवारी

ती. दादास,
नमस्कार. एकच, कारण पाल्हाळ नको म्हणालास.

गाव पुराने वसवलं, असं धनगर सांगतो. पाणी चढलं की खालची माणसं टेकडीवर यायची, त्यातली काही परत उतरलीच नाहीत. साल कोणाला माहीत नाही. यांची छाती तशीच. बाकी गावात बरंच घडलं, पण ते तू विचारलेलं नाहीस.

धूर मोजायला येशील तेव्हा मी दारात उभी राहीन. हात हलव. कळावे, आणि लोभाला तरी झाकण घालू नये.
भिंगरी

२२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. लायकी नसताना देतो आहे.

काल तुमचे धूर मोजले. पाच. हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिलो. अगं, विणकरीण गेली हे तूच लिहिलंस, आणि तिच्याच घरावर धूर? मेलेल्या बाईची चूल पेटवून सख्ख्या भावाला बनवायला निघालीस? दारात उभी राहून हात हलवत होतीस तेही पाहिलं. मी हलवला नाही. चार चुली लिहिल्या, गाव ओसाडात टाकलं आणि पुस्तक छापायला दिलं. मार्चअखेर होडी बंद.

रुसू नकोस. या निमित्ताने तरी त्या टेकडीवरून खाली याल. मागची खोली रिकामी आहे. मेहुण्यांना फुकट बसवणार नाही, माझी कपाटं डुगडुगतात.

राग गिळ, लोभ ठेव.
दादा

२ मार्च

दादा,
नमस्कार राहू दे, आधी हे वाच.

विणकरणीची मुलगी नवरा आणि दोन मुलं घेऊन जानेवारीतच परत आली. आईचं अर्धं कांबळं तिने पुरं केलं. तो धूर तिच्या चुलीचा होता. मी लिहिणार होते, पण तू शेजाऱ्यांचं लिहू नकोस म्हणालास आणि मी ते मनावर घेतलं. मला वाटलं, तू धूर मोजणार, धूर तर दिसणारच.

होडी गेली तर यांना न्यायचं कसं? पुलाच्या वाटेने दोन डोंगर ओलांडावे लागतात, आणि हे अंगणातून दारापर्यंत आले तरी बसतात. तुझ्या मागच्या खोलीचं सांगितलं, तर म्हणाले, की तिथे छातीच्या आधी तुझ्या दादाच्या बोलण्यानेच मरेन. मला भीती वाटते, दादा. पाया पडते, चाराचे पाच कर. विश्वास नसेल तर ये आणि मुलं डोळ्यांनी बघ. होडीत मी तुझं डोकं धरीन.
भिंगरी

१४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

चूक तुझी आहे. नको ते पानं भरून लिहितेस आणि हवं ते पोटात ठेवतेस. पुस्तक बांधून आलं. मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, की असा चोख माणूस पाहिला नाही. आता त्यांच्यापुढे जाऊन म्हणू, की म्हातारीला मुलगी असेल हे मला सुचलं नाही? कचेरीतला शिपाईसुद्धा हसेल. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, शब्द देतो. दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न. तोवर मेहुण्यांना म्हणावं, पाणी कमी प्या.

सोबत पुस्तक पाठवतो आहे, जपून ठेव. वहिनी कालपासून माझ्याशी बोलत नाही. तिला यातलं काही कळत नाही. लोभ आटू नये.
दादा

२८ एप्रिल

दादास,

हे गेले. कुंभार भावांनी खाटेवर घालून पुलाच्या वाटेने नेलं. कुठे पाय टाकायचा एवढं सांगण्यापुरते का होईना, दोघं बोलले. पहिला डोंगर उतरलो आणि तिथेच श्वास संपला. वाटेत वरून होडी दिसत होती, तुझ्या काठाला बांधलेली. हे तिच्याकडेच बघत होते. मी यांची मान दुसरीकडे वळवायला गेले, तर नको म्हणाले.

मुलं आजारी पडली तर काय करायचं, म्हणून विणकरणीची मुलगी माग सोडवून निघून गेली. तिच्यामागून धनगर गेला, मग दोघं कुंभार. मी तेवढी राहिले. उद्या मीही विणकरणीच्या मुलीकडे जाते. तुझी खोली मला नको, आणि माझा पत्ता तुला देणार नाही. वहिनीला सांग, तिच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

तुझं पुस्तक वाचलं. आमच्यावर एकच ओळ आहे, गाव ओसाड. दुसऱ्या आवृत्तीत ती बदलू नकोस. हे पत्र संपलं की चूल विझवते, म्हणजे तुझी ओळ खरी होईल.

लोभ होता.
सुतारीण